हरणासाठी काडतूस कोणतं? विस्कॉन्सिनमधला माझा पहिला हंगाम

विस्कॉन्सिनात बंदुकीने हरणाची शिकार करायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो उघडतो. २०२४ मध्ये २३ नोव्हेंबर ते १ डिसेंबर होता. मी त्यात उतरायचं फेब्रुवारीत ठरवलं, तेव्हा एवढ्या महिन्यांत काय काय होईल असं वाटलं होतं. वर्ग, परवाना, रायफल खरेदीचा फॉर्म यांना वेळ लागलाच, पण त्यांची उत्तरं कुठे ना कुठे छापलेली असतात. घोडं पेंड खात होतं ते काडतुसापाशी. दुकानाच्या फळीवर जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या पेट्या, आणि विचारावं त्याचं मत वेगळं. पुढच्या कुणाला जरा सोपं जावं म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

आधी दोन खुलासे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, ते योग्यच आहे, आणि इथलं काहीही तिकडे लागू पडत नाही. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं उदंड आहेत; किती माद्या कमी करायच्या याचा कोटा दरवर्षी राज्याचा नैसर्गिक साधनसंपत्ती विभाग, म्हणजे डीएनआर, काउंटीनिहाय ठरवतो. दुसरं म्हणजे मी ग्रीन कार्डवर आहे. तुम्ही एच-वन किंवा एफ-वनवर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूकच नव्हे, काडतुसं बाळगायलाही सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी परवाना, मग बंदुकीला हात, अगदी मित्राबरोबर रेंजवर गेलात तरी. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. त्याची फी परवडते, व्हिसाचा घोटाळा परवडत नाही.

मला यात का पडायचं होतं? मटणासाठी. शिवाय आमच्या आजोबांकडे सावंतवाडीजवळच्या घरी ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. घरात कुणी तिला हात लावू शकत नसे. त्यामुळे बंदूक म्हटलं की माझ्या डोक्यात आधी कागदपत्रंच येतात. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनेही पहिला प्रश्न तोच विचारला: "गो बाय, कायद्यात बसता मां ह्यां सगळा?" नवरा जन्माचा शाकाहारी; तो म्हणाला, "फ्रीजरचा खालचा खण तुझा, वरचे माझे." विषय संपला.

१ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं शिक्षण पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. प्रौढांना ते पूर्ण ऑनलाइन करता येतं, पण मी वर्गात गेले. फी दहा डॉलर. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त. वर्गात माझ्या शेजारी बारा वर्षांची मुलं, त्यांना सगळं आधीच येत होतं. एप्रिलमधल्या संध्याकाळी, एका क्लबच्या हॉलमध्ये, टॅब-के हे चार अक्षरी सूत्र इतक्या वेळा म्हणून घेतलं की ते आता झोपेतही म्हणेन: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, लक्ष्य आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा, गोळी झाडायची तयारी होईपर्यंत बोट चापाबाहेर. लेखी परीक्षेपेक्षा प्रात्यक्षिकाची धास्ती जास्त होती. तारेचं कुंपण ओलांडताना रायफल रिकामी करून, खोलून, नळी आपल्यापासून लांब राहील अशी आधी पलीकडे ठेवायची आणि मग आपण जायचं. माझे हात थरथरत होते. गुरुजी म्हणाले, "थरथरू दे, घाई नको."

मे महिन्यात सहकाऱ्याने त्याच्या वडिलांच्या शेतावर बोलावलं. आयोवा काउंटी, डॉजव्हिलच्या बाजूला. डोंगरउताराची जमीन, मधे मका आणि सोयाबीन, कडेला ओकचं रान. त्याने हाती दिली त्याची .३०८ रायफल, म्हणजे .३०८ इंच जाडीच्या गोळीची. मी पाच फूट एक इंच, आणि दस्ता त्याच्या मापाचा. पहिली गोळी कागदावर लागली, पुढच्या कुठे गेल्या देव जाणे. धक्का बसायच्या आधीच माझे डोळे मिटत होते आणि खांदा मागे जात होता. नेमाची सवय अशीच बिघडते, आणि एकदा बिघडली की सुटायला फार वेळ लागतो. सहकारी म्हणाला, "तुला हलकं काहीतरी हवं." आता हलकं म्हणजे नेमकं काय, या प्रश्नावर जून-जुलै गेले.

शेतावरच्या गोदामात त्याच्या वडिलांनी माझ्यासमोर लाकडी बाकावर चार काडतुसं उभी केली: .२४३ विंचेस्टर, ६ मिमी रेमिंग्टन, ६ मिमी क्रीडमूर आणि .२५७ रॉबर्ट्स. पहिल्या तिघांची गोळी एकाच जाडीची, .२४३ इंच, म्हणजे ६.१७ मिलिमीटर. चौथीची केसभर जास्त. फरक पितळी पुंगळीत, आणि ती गोळीकडे निमुळती होते त्या भागात; त्याला खांदा म्हणतात. .२४३ ची पुंगळी ५१.९ मिमी लांब, खांद्याचा उतार सौम्य, वीस अंशांचा. ६ मिमी रेमिंग्टनची ५६.७ मिमी, मान चांगली लांब, उतार सव्वीस अंशांचा. क्रीडमूर सगळ्यांत बुटकी, ४८.८ मिमी, आणि खांदा एकदम तीव्र, तीस अंश. पुंगळी आखूड म्हणून लांबुडकी गोळी रायफलीच्या ठरलेल्या मापात बसते. रॉबर्ट्सला म्हातारबुवा "बॉब" म्हणत होते, इथे सगळेच म्हणतात. ते १९३४ चं काडतूस. त्यांच्या वडिलांची रायफल त्याच मापाची; ती मला हंगामापुरती वापरायला द्यायची त्यांची तयारी होती.

यामागची गोष्ट त्यांनीच सांगितली. १९५५ साली विंचेस्टरने .२४३ आणलं, .३०८ ची पुंगळी वरून अरुंद करून. त्याच वर्षी रेमिंग्टनने .२४४ आणलं, जुन्या ७×५७ माउझर काडतुसाच्या वंशातलं. ताकद .२४४ ची थोडी जास्तच. पण रेमिंग्टनने धरून चाललं की लोक हे कोल्हे आणि बिळातली जनावरं मारायला घेतील, म्हणून नळीतला पीळ, म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा, बारा इंचांत एक फेरा एवढा सैल ठेवला. हलक्या गोळीला तो पुरतो. हरणासाठीची १०० ग्रेनची (साडेसहा ग्रॅमची) लांब गोळी मात्र त्यात नीट स्थिरावत नाही. विंचेस्टरने दहा इंचांत एक फेरा दिला होता. ज्यांना एकाच रायफलीने कोयोटी (इथलं कोल्ह्यासारखं जनावर) आणि हरीण दोन्ही हवं होतं, ते तिकडे गेले. १९६३ मध्ये रेमिंग्टनने पीळ नऊ इंचांवर आणून त्याच काडतुसाला ६ मिमी रेमिंग्टन असं नवं नाव दिलं, पण गिऱ्हाईक परत फिरलं नाही. आजही जुन्या बाजारात .२४४ चा शिक्का असलेली रायफल दिसली तर आधी पीळ विचारा.

मग मी आकडे मांडत बसले; इंजिनिअरला दुसरं काय सुचणार. कारखान्याच्या पेटीवरचे, नळीच्या तोंडापाशी मोजलेले वेग असे: .२४३ मध्ये १०० ग्रेनची गोळी सेकंदाला २,९६० फूट, ६ मिमी रेमिंग्टनमध्ये तीच गोळी ३,१०० च्या आसपास, ६ मिमी क्रीडमूरमध्ये १०३ ग्रेनची ३,०५०. .२५-०६ त्याहून दणकट, १२० ग्रेनची गोळी तीन हजाराच्या जरा खाली, पण त्याला .३०-०६ या लांब काडतुसाच्या मापाची रायफल लागते आणि आवाज कानठळ्या बसवणारा. आणि ज्याला विचारावं तो शेवटी सुचवतो ते ६.५ क्रीडमूर: १४३ ग्रेन, २,७०० फूट. तेही हरणासाठी उत्तमच आहे. .२४३ पेक्षा धक्का थोडा जास्त, बस्स.

या आकड्यांवर लोक रात्र-रात्र भांडतात. मी त्या भांडणात आठवडे घालवले आणि मग शेतावर जाऊन अंतरं मोजून आले. जिथे मी बसणार होते तिथून सगळ्यांत लांबचा मोकळा पट्टा दीडशे यार्डांचा. बाकी सगळं रान, शंभराच्या आत. ६ मिमी क्रीडमूरची सडपातळ गोळी वाऱ्याला कमी दबते हे खरं, पण तो फायदा तीनशे-चारशे यार्डांपुढे डोळ्यांत भरण्याइतका होतो. माझ्या पट्ट्यात या तिघांतला फरक हरणाला कळणार नव्हता आणि मलाही नाही. कायद्याचंही बंधन नव्हतं: विस्कॉन्सिनात .२२ किंवा त्याहून मोठं कुठलंही सेंटरफायर काडतूस, म्हणजे ज्याची टोपी बुडाच्या मधोमध असते असं, हरणाला चालतं. कोलोरॅडोत किमान .२४ लागतं, म्हणजे उद्या तिकडे गेले तरी.२४३ तेवढ्यापुरतं पास.

निर्णय शेवटी दुकानाच्या फळीने केला. मॅडिसनच्या आसपासची दुकानं फिरले. .२४३ च्या पेट्या सगळीकडे, पाच-सहा प्रकारच्या. ६ मिमी क्रीडमूर एक-दोन ठिकाणी, त्यातल्या निम्म्या निशाणेबाजीच्या गोळ्या. ६ मिमी रेमिंग्टन आणि बॉब कुठेच नाही. असल्या काडतुसांचे मालक पुंगळ्या जपून ठेवतात आणि घरी पुन्हा भरतात. म्हातारबुवांची रायफल देखणी होती, पण सरावाला काडतुसंच मिळत नसतील तर माझ्यासारख्या नवशिकीला तिचा काय उपयोग? शिवाय .२४३ मध्ये छोट्या दस्त्याची रायफल सहज मिळते. धक्का ढोबळमानाने .३०८ च्या निम्म्याहून जरासा जास्त. माझ्या मते नवीन माणसाने काडतुसाचं नाव सर्वांत शेवटी ठरवावं. आधी अंतर, मग खांदा, मग जवळच्या दोन-तीन दुकानांत वर्षभर काय मिळतं ते.

मात्र .२४३ घेतलं की गोळीच्या निवडीत हलगर्जी चालत नाही. त्याच्या ५५ ते ७५ ग्रेनच्या बऱ्याचशा गोळ्या पातळ कवचाच्या, कोयोटीसाठी बनवलेल्या असतात. हरणाच्या फासळीवर त्या वरच्यावर फुटतात, आत जात नाहीत, आणि जनावर जखमी होऊन रानात निघून जातं. .२४३ ला नावं ठेवली जातात त्यातल्या पुष्कळ कहाण्यांच्या मुळाशी हीच गोळी असते. पेटीवर हरणाचं चित्र आहे का बघा, आणि चित्रावर न थांबता गोळीची बनावट वाचा. मी सरावाला १०० ग्रेनची साधी सॉफ्ट-पॉइंट, म्हणजे टोकाशी शिसं उघडं असलेली, घेतली, वीस काडतुसांची पेटी ३२ डॉलरला. शिकारीला ८५ ग्रेनची संपूर्ण तांब्याची, ५२ डॉलरला. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून लांबवर मांसात पसरतात आणि घरात लहान मूल आहे, म्हणून तांबं. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला पीळही घट्ट लागतो. माझ्या नळीचा नऊ इंचांत एक फेरा आहे, तेवढा पुरतो.

रायफल ऑगस्टमध्ये घेतली: रुगर अमेरिकनचं छोटं मॉडेल, दस्ता साडेबारा इंचांचा, ४८९ डॉलर. दुर्बीण आणि ती बसवायच्या कड्या मिळून २१० डॉलर, वर साडेपाच टक्के कर. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा असतो. नागरिकत्वाच्या प्रश्नाला भारत लिहा, ग्रीन कार्डावरचा ए-नंबर घाला, आणि ओळखपत्रावर सध्याचाच पत्ता असू द्या. माझ्या पुढचा गृहस्थ जुन्या पत्त्यामुळे हात हलवत परत गेला. गांजाविषयीही प्रश्न असतो: इलिनॉय किंवा मिशिगनमध्ये तो दुकानात मिळत असला तरी हा फॉर्म संघराज्याचा आहे, तिथे तो बेकायदाच.

विस्कॉन्सिनात लांब बंदुकीची चौकशी थेट एफबीआयकडे जाते. उत्तर तीनांपैकी एक: द्या, थांबा, नाही. नागरिक नसलेल्यांसाठी इमिग्रेशनच्या नोंदीही तपासतात. माझं उत्तर आलं "थांबा". पोटात गोळाच आला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "हे रोजचं आहे, मॅडम. कामाचे तीन दिवस जाऊ दे." चौकशी पहिल्यांदा शुक्रवारी केली तर मधे शनिवार-रविवार येतात, म्हणून पहिल्यांदाच सोमवारी किंवा मंगळवारी जा. मला गुरुवारी जाऊन पुढच्या मंगळवारी होकार आला. तोवर मी उगाचच सगळे जुने व्हिसाचे कागद काढून चाळले.

सप्टेंबर-ऑक्टोबर रेंजवर. शंभर यार्डांवर दीड इंच वर लागेल असं दुर्बिणीचं माप धरलं की दोनशेपर्यंत फार विचार करावा लागत नाही. सरावाच्या पेटीवरून शिकारीच्या पेटीवर गेलात की पुन्हा तपासा. माझ्या तांब्याच्या गोळ्या शिशाच्या गोळ्यांपेक्षा सरळ दोन इंच डावीकडे लागत होत्या. आणि बाकावर एका वेळी एकच पेटी. .२४३, .२६०, ७ मिमी-०८ आणि .३०८ ही एकाच पुंगळीची भावंडं; छोट्या मापाचं काडतूस मोठ्या मापाच्या नळीत गुपचूप बसतं, आणि ते उडालं तर पुंगळी फुटते. बुडावरचा शिक्का आणि नळीवरचा शिक्का जुळवून बघायची सवय मुलांच्या त्या वर्गात लावली, ती कामाला आली.

परवाना डीएनआरच्या गो वाइल्ड या खात्यावरून ऑनलाइन. रहिवाशाला २४ डॉलर, पहिल्यांदाच काढणाऱ्याला ५. त्यासोबत एका नराचा हक्क मिळतो, आणि शेतीपट्ट्यात माद्यांचेही. मादीच्या हक्कासाठी काउंटी निवडावी लागते आणि जमीन खासगी की सार्वजनिक तेही. हंगामाच्या दिवशी कुठे बसणार हे पक्कं करूनच क्लिक करा. कमरेवरचे निम्मे कपडे भडक नारिंगी हवेत, टोपी घातली तर तीही निम्मी. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. मी नारिंगी घेतलं, सेलमध्ये होतं.

२३ तारखेला पहाटे अंधारात मचाणावर. काही दिसलं नाही, फक्त लांबून बार ऐकू येत होते आणि पायाची बोटं गेली. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास दोन माद्या ओकांतून उतारावर आल्या. मोठी मादी आडवी उभी राहिली, सत्तर-ऐंशी यार्डांवर, मागे मातीचा उतार. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरला. धक्का जाणवलाच नाही. ती साठेक पावलं पळाली आणि पडली. मला रडू आलं, मग हातमोजे काढून कामाला लागले. सहकारी शेजारी उभा राहून सांगत होता आणि मुद्दाम मदत करत नव्हता. गोळी एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, मधली दोन्ही फुप्फुसं गेलेली. एवढी लहान गोळी पुरेल का, ही उन्हाळाभरची काळजी तिथे मिटली.

मारल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंदणी करावी लागते. फोनवर पाच मिनिटांत झाली. मिळालेला क्रमांक लगेच लिहून ठेवा, खाटीकही तो विचारतो. त्याने कापून, पाकिटं करून देण्याचे १३५ डॉलर घेतले. मटण वेगळं ठेवायला त्याला आधीच सांगा, नाहीतर काही ठिकाणी खिम्यात चार जणांची हरणं एकत्र होतात.

या भागात तपासणी टाळू नका. हरणांचा मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी हा रोग विस्कॉन्सिनात २००२ मध्ये इथेच, माउंट होरेबच्या परिसरात पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी रोग निघाला तर मांस खाऊ नये असा सरकारी सल्ला आहे. तपासणी फुकट. रस्त्याकडेच्या खोक्यात मुंडकं, मानेचा काही इंच भाग ठेवून, पिशवीत घालून टाकायचं आणि चिठ्ठीचा अर्धा तुकडा आपल्याकडे. गाडीच्या डिकीत मुंडकं घेऊन मॅडिसनच्या दिशेने जाताना मला आईचा फोन आला. मी उचलला नाही. निकाल सुमारे दोन आठवड्यांनी आला: रोग आढळला नाही. तोवर पाकिटांवर "थांबा" असं मार्करने लिहून खालचा खण भरून ठेवला होता.

हे मटण अगदी कोरडं, चरबी जवळजवळ नाहीच. जी असते ती मेणचट लागते, सगळी काढून टाका. मांडीचे तुकडे रात्रभर दह्या-आल्यात ठेवले, मालवणी मसाला आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर शिजवले. कुकरच्या शिट्ट्या केल्या तर दोऱ्या दोऱ्या होतात. मिलवॉकीच्या एका मैत्रिणीने दोनदा वाढून घेतलं आणि जाताना विचारलं की तिला पुढच्या नोव्हेंबरात यायचं असेल तर सुरुवात कुठून करायची. तिला सांगितलं, मार्चमध्येच वर्गात नाव घाल, ऑगस्टनंतर जागा मिळत नाही. आणि तोपर्यंत रायफल बघायला दुकानात जाऊ नकोस.